काम समाधानकारक झाले

सकाळी दहाच्या ठोक्याला प्लंबर आला, तेव्हा आप्पांनी त्याचं स्वागत जावयासारखं केलं. खुर्ची पुढे सरकवली, पंखा वाढवला, चहाचं विचारलं. तो अकराव्यांदा येत होता, आणि अकरा वेळा येणारा माणूस, मग तो बिल्डरने पाठवलेला का असेना, घरातलाच होऊन जातो.

"काय म्हणते भिंत?" प्लंबरने पिशवी खाली ठेवत विचारलं. दुखणाईताची चौकशी करावी तसं.

"आहे तशीच," आप्पा म्हणाले. "पण मागच्या वेळेपेक्षा बरी वाटते."

"बरी काय, चांगलं बाळसं धरलंय तिनं," आतून काकूंचा आवाज आला आणि मागोमाग खोकला. आधी आवाज आणि मग खोकला, असा क्रम होता तोवर आप्पांना काळजी वाटत नसे. हल्ली पुष्कळदा खोकला आधी येऊ लागला होता.

भिंत होती झोपायच्या खोलीची. तिच्या पलीकडे बाथरूम आणि पोटात नळाचे पाइप. घराचा ताबा मिळून दोन वर्षं झाली तेव्हा तिच्यावर तळहाताएवढा डाग उमटला. पुढच्या तीन वर्षांत त्याची चादर झाली. चादरीच्या कडेला काळपट हिरवी बुरशी धरली, आणि त्या बुरशीने काकूंच्या छातीत घर केलं. पाचव्या वर्षी त्या घरात ओल आणि खोकला असे दोन भाडेकरू होते, आणि दोघांनाही हुसकावणं आप्पांच्या हातात नव्हतं.

तक्रार केली तेव्हा बिल्डरचा साइट इंजिनिअर एकदा येऊन गेला होता. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, "ही गळती नाही. हा भिंतीला आलेला घाम आहे. नव्या बांधकामाला येतो."

"घाम यायला तिनं केलंय काय?" काकू म्हणाल्या होत्या. "या घरात राबते मी."

त्या दिवसापासून काकूंनी एक काम हाती घेतलं. दर महिन्याच्या एक तारखेला त्या हातात पेन्सिल घेत आणि डागाची कड जिथे पोचली असेल तिथे बारीक रेघ मारून शेजारी तारीख घालत. लोक मुलांची उंची अशी मोजतात. काकूंना मूलबाळ नव्हतं, तेव्हा भिंत मोजत होत्या. छत्तीस रेघा झाल्या होत्या. डोंगराच्या नकाशावर असतात तशा एकीत एक.

प्लंबरने नेहमीचं सगळं केलं. नळ आवळला, फरश्यांच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं, वॉशर बदलला, आणि वॉशर चांगला होता असं लक्षात आल्यावर जुनाच परत बसवला. मग त्याने खिशातून पावतीपुस्तक काढलं. पावतीवर तीन ओळी. तारीख आणि घर क्रमांक यांच्यासाठी दोन रिकाम्या. तिसरी मात्र छापूनच आलेली: काम समाधानकारक झाले. खाली सहीची जागा.

आप्पांनी खिशाचं पेन काढलं.

"भिंत ओली आहे," काकू दारात येऊन म्हणाल्या. "समाधान कुणाचं झालं?"

"अगं, सही केली नाही तर त्याचा दिवस भरत नाही. हजेरीच लागत नाही बिचाऱ्याची."

"मग हजेरीवर सही करा ना. समाधानावर कशाला करता?"

प्लंबर पिशवीत काहीतरी शोधू लागला. तसं हरवलं काहीच नव्हतं. भीड वाटणाऱ्या माणसाला पिशवी हा मोठाच आधार असतो.

आप्पांनी सही केली. सही सुंदर होती. तिच्यासाठीच ते जन्माला आले होते म्हणा ना! चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात काढली. लोकांच्या कागदांवर 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले' असा शिक्का मारायचा आणि खाली सही करायची. पहिली दोन वर्षं ते खरोखर ताडून पाहत. मग रांग वाढली, उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांची दया येऊ लागली, आणि ताडून पाहणं मागे पडून सही तेवढी उरली. दयेपोटी सुरू झालेली सवय पेन्शनबरोबर घरी आली.

आणि ते पेन? ते बिल्डरनेच दिलेलं. ताब्याच्या दिवशी मंडपात छत्तीस कुटुंबं बसली होती. कागदी पेल्यांतून गार सरबत फिरत होतं. प्रत्येकाच्या हातात शेहेचाळीस पानांचा जुडगा, प्रत्येक पानावर फुलीची खूण, आणि फुलीवर टेकवायला एक सोनेरी टोपणाचं पेन. "पेन आमच्याकडून भेट," असं बिल्डर हात जोडून म्हणाला, तेव्हा टाळ्या पडल्या. माणूस हात जोडून उभा असताना त्याच्यासमोर कागद वाचत बसणं कुणाला शोभलं असतं? वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आपल्याकडे घर घेताना माणूस नळ सोडून बघत नाही, पण समोरच्याला वाईट वाटणार नाही ना, ते मात्र तीनतीनदा बघतो. भीड भिकेची बहीण असं वाडवडील सांगून गेले. ती बहीण त्या दिवशी मंडपात सरबत वाटत फिरत होती.

*

पुढच्या आठवड्यात काकू दवाखान्यात गेल्या असताना दारावरची घंटा वाजली. बाहेर रंगारी उभा. हातात डबा, खांद्यावर शिडी.

"ऑफिसने पाठवलंय. तुमच्या डागावर एक हात मारून देतो, काका. फुकट आहे."

आप्पा म्हणाले, "घरात मंडळी नाहीत. संध्याकाळी या."

"संध्याकाळी दुसऱ्या साइटवर आहे. चार जिने चढून आलोय, शिडी घेऊन."

चार जिने. शिडी घेऊन. आप्पांनी आधी त्याला पाणी दिलं आणि मग भिंत दिली.

तासाभरात भिंत दुधासारखी झाली. रंगारी चलाख होता. आधी पत्र्याने बुरशी खरवडली, मग घासकागद मारला, मग दोन हात दिले. आप्पा शेजारी उभे राहून कौतुक करत होते. पावतीपुस्तक निघालं. तिसरी ओळ तीच. या खेपेला मात्र सही मनापासून झाली, कारण भिंत खरोखरच पांढरी होती.

काकू औषधांची पिशवी घेऊन आल्या. खोलीच्या उंबऱ्यातच थांबल्या.

"माझ्या रेघा कुठायत?"

आप्पांच्या लक्षात तेव्हा आलं. खरं सांगायचं, तर लक्षात आधीही आलं होतं, रंगाऱ्याने पहिल्यांदा पत्रा लावला तेव्हाच. पण माणूस कामाला लागल्यावर त्याला थांबवायचं कसं?

"रंगाखाली," ते म्हणाले.

"तीन वर्षांच्या."

"अगं, पण बघ ना, किती छान..."

काकूंना ठसका लागला. ओली भिंत, वर ताजा रंग. खोकला थांबेना. आप्पांनी खिडकी उघडली, पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला. खोकल्याच्या मधल्या फटीतून काकू एवढंच बोलल्या, "डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो. पण भिंत माझ्या अखत्यारीत नाही. त्या घरातून हला."

दुसऱ्या दिवशी काकूंचा धाकटा भाऊ रिक्षा घेऊन आला. एक बॅग, एक उशी, वाफ घ्यायचं यंत्र. जिन्यात शेजारीण भेटली. तिने विचारलं, "काय काकू, कुठे निघालात?"

"माहेरी," काकू म्हणाल्या. "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. तेव्हा भांडून गेले नाही, म्हटलं राहून जायला नको."

शेजारीण हसली. आप्पाही हसले. बॅग त्यांच्याच हातात होती.

रिक्षात बसल्यावर काकूंनी पर्समधून घडी घातलेलं एक कात्रण काढून आप्पांच्या हातात दिलं. वर्षभरापूर्वी वर्तमानपत्रातून कापलेलं, एका वकीलबाईंच्या पत्त्याचं. "वाईटपणा येईल म्हणत होतात ना? आता घरात बोलायलाच कुणी नाही. जा आता, घ्या थोडा वाईटपणा."

*

वकीलबाई तिशीच्या. ऑफिस एका खोलीचं, आणि त्या खोलीचंही छत एका कोपऱ्यात फुगलेलं. आप्पांची नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "भाड्याची जागा आहे, काका. माझी केस वेगळी आहे. तुमची सांगा."

आप्पांनी शेहेचाळीस पानांचा जुडगा पुढे केला. बाईंनी तो वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत. आप्पा अस्वस्थ झाले. समोर माणूस बसलेला असताना इतकं वाचतात?

"हे बघा," बाई शेवटी म्हणाल्या. "पान एकोणतिसावं. ताबा दिल्यापासून पाच वर्षं नळकामातल्या दोषाची जबाबदारी बांधणाऱ्याची. पाच वर्षं कधी पुरी होतात?"

"एकोणीस दिवसांनी."

"मग अजून जीव आहे. मुदतीच्या आत रजिस्टर्ड नोटीस पाठवायची. बाहेरचा इंजिनिअर आणून भिंतीचा अहवाल घ्यायचा. त्यांनी दाद दिली नाही तर ग्राहक न्यायालय. आणि इमारतीतली सगळी घरं एकत्र आली तर फारच उत्तम. एका घरातला तो घाम. छत्तीस घरांतली ती गळती." त्यांनी पेन उचललं. "आता पुरावा. लेखी तक्रारी?"

"फोन केले. लिहिलं नाही. लिहिलं की प्रकरण चिघळतं."

"त्यांची माणसं येऊन गेली, त्याचं काही?"

आप्पांनी अभिमानाने पावत्यांची चळत काढली. अकरा प्लंबरच्या, एक रंगाऱ्याची. तारीखवार, टाचणी लावून. वकीलबाईंनी पहिली वाचली, दुसरी वाचली, मग नुसत्या चाळल्या.

"काका, या सगळ्यांवर तुम्ही लिहून दिलंय की काम समाधानकारक झाले."

"ते छापलेलं असतं."

"सही छापलेली आहे का?"

आप्पांनी वाकून आपली सही पाहिली. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"सह्यांनी हक्क जात नाही," बाई जरा नरमाईने म्हणाल्या. "पण आता आपल्याला आधी तुमच्याशीच लढावं लागणार, मग बिल्डरशी. बरं, डाग वाढत गेल्याची काही नोंद? फोटो? काहीही तारखेसकट?"

"होती," आप्पा म्हणाले. "आमच्या मंडळींनी ठेवली होती. छत्तीस महिन्यांची."

"वा! कुठाय?"

आप्पांनी चळतीतली सगळ्यात वरची, बारावी पावती बोटाने पुढे सरकवली.

*

अर्ज वकीलबाईंनी लिहून दिला. एक पान, मोठा टाइप, खाली छत्तीस रिकाम्या ओळी. पहिल्या ओळीवर आप्पांची सही. दुसऱ्या सहीसाठी ते तळमजल्यावर सेक्रेटरीकडे गेले.

सेक्रेटरी विम्याचं काम करायचा. लोकांना आग, चोरी, अपघात यांची भीती दिवसभर घालून संध्याकाळी निर्धास्त घरी बसायचा.

"आप्पा, आमच्याकडे ओल नाही हो. एक थेंब नाही."

आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. बाथरूमच्या भिंतीला छताएवढं कपाट टेकलेलं होतं. खिडकी अर्धी झाकून.

"कपाट छान आहे. पण इथे का? खिडकी अडते."

"हवेसाठी."

"कपाटाला हवा लागते?"

"आप्पा, तुम्ही वडीलधारे," सेक्रेटरी म्हणाला. "एकदा का या इमारतीचं नाव गळकी म्हणून झालं, की भाव कोसळला. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय बिल्डरने गच्चीवर शेड टाकून दिली आपल्याला. कुठल्या तोंडाने सही करू? ठेवून जा, वाचतो."

"तेव्हा शेहेचाळीस पानं न वाचता केलीस."

"तेव्हा घाई होती."

दार क्रमांक नऊला बाथरूमच्या भिंतीवर सतरंजी टांगलेली. चौदाला भिंतभर फोटो, त्यातले निम्मे कुणाचे ते घरच्यांनाही सांगता येईना. बाविसाव्या घरात दोन कपाटं आणि मध्ये उभी केलेली गादी. आप्पा जिने चढत गेले आणि त्यांना दिसत गेलं. त्या इमारतीत प्रत्येक घराची श्रीमंती एकाच भिंतीला टेकून उभी होती. घरातली ओल आणि घरातलं भांडण, दोन्ही पाहुण्याला दाखवायची नसतात, हा सगळ्यांचा संस्कार. सगळ्यांनी पेन दाखवलं, तेच, सोनेरी टोपणाचं. आणि एकेकाने सांगितलं, "ठेवून जा, वाचतो." न वाचता फसलेली माणसं आता वाचल्याशिवाय सुटकेवर सही करणार नव्हती.

समोरच्या दारातल्या ताई मोटार चालवायला शिकवत. त्या तेवढ्या सरळ बोलल्या. "आप्पा, ओल आहे. तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण मी घर विकायला काढलंय. एकदा विकलं गेलं ना, की पहिली सही माझी."

"घर विकल्यावर तुमची सही काय कामाची?"

"म्हणून तर बिनधास्त करीन!"

अठराव्या दिवशी नोटीस गेली. एका घराची, एका सहीची. पोस्टातल्या बाईने पोचपावती पुढे केली आणि म्हणाली, "इथे सही." आप्पांनी चष्मा लावून ती पावती पुढून वाचली, मागून वाचली. मागे रांग कुरकुरू लागली. त्यांना त्या लोकांची दया आली. पण वाचून झाल्यावर.

*

बिल्डरचं उत्तर आलं नाही. प्लंबर आला. बाराव्यांदा.

नव्या रंगाला तोवर फोड आले होते. आप्पांनी बोट लावलं तर एक फोड फुटला आणि पाण्याची बारीक धार मनगटापर्यंत ओघळली. प्लंबरने नळ आवळला, फटी भरल्या. आप्पा पाहत राहिले. आज त्यांनी चहा विचारला नव्हता, आणि ते न विचारणं दोघांनाही जाचत होतं.

"काकू दिसत नाहीत?"

"माहेरी गेल्यात. या भिंतीपायी."

प्लंबरचा हात थांबला. त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू? आतला जॉइंटच कच्चा आहे. पाइप हलका वापरलाय. सगळ्या घरांत तोच. भिंत फोडल्याशिवाय काही होणार नाही, आणि मला फोडायची परवानगी नाही. मला सांगितलंय, जायचं, आवळायचं, सही आणायची."

"हे लिहून देशील?"

प्लंबर हसला. वाईट वाटलेल्या माणसाचं हसू. "सही केली तर उद्यापासून घरी बसावं लागेल, काका. दोन मुली आहेत शाळेत."

त्याने पावतीपुस्तक पुढे केलं. आप्पांनी सोनेरी टोपणाचं पेन उघडलं. छापलेल्या तिसऱ्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं: माणूस आला होता, त्याने मेहनत केली, गळती तशीच आहे. खाली सही केली.

प्लंबरने वाचलं. ओठ हलवत, दोनदा. "हे ऑफिसात चालत नाही, काका. खाडाखोड असली की पावती रद्द. दिवस जातो माझा."

"ठाऊक आहे."

"एवढी एक नेहमीसारखी करा. पुढच्या वेळी मी दुसऱ्याला पाठवायला सांगतो."

आप्पांना वाटलं, काकू इथे असत्या तर बरं झालं असतं. चांगुलपणा कुणाच्या पदरात घालायचा हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"नाही रे बाबा," ते म्हणाले. "समाधान नाही झालं."

प्लंबर गेला. जाताना रागावला नाही, त्याचंच आप्पांना जास्त लागलं. बिल्डरला धडा शिकवायला निघालेल्या आप्पांच्या हातून आजवर एकाच माणसाचं नुकसान झालं होतं, आणि तो बिल्डर नव्हता.

*

एक तारीख आली. आप्पांनी पेन्सिलीला टोक काढलं, स्टूल ओढलं आणि पांढऱ्या रंगातून पुन्हा बाहेर आलेल्या डागाच्या कडेवर रेघ मारली. ती नागमोडी आली. काकूंची रेघ अशी नागमोडी नसे. शेजारी तारीख घातली. पहिली रेघ. छत्तीसवरून एकवर.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या ताई. नेहमीची ऐट नव्हती.

"गिऱ्हाईक आलं होतं घर बघायला," त्या म्हणाल्या. "नवरा-बायको. चांगली माणसं होती. ती बाई बोलता बोलता भिंतीला टेकली आणि माझा नवा रंग तिच्या पाठीवर गेला." थोडा वेळ त्या चपलेच्या टोकाने पायपुसणं सरळ करत राहिल्या. "काही बोलली नाही हो ती. उलट मलाच म्हणाली, असू दे, असू दे."

"असंच म्हणतात सगळे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमच्याकडे पेन्सिल असेल ना? आणि रेघ नेमकी कुठून मारायची? ओलीच्या आतून की बाहेरून?"

"कडेवर. तारीख विसरू नका. अर्ज देऊ का बरोबर?"

"आधी रेघ मारते," ताई म्हणाल्या, आणि पेन्सिल घेऊन गेल्या.

आप्पांनी काकूंना फोन लावला. नोटिशीचं सांगितलं. उत्तर नाही, न्यायालयात गेलं तर पहिली तारीखच कित्येक महिन्यांनी, बाहेरचा इंजिनिअर गुरुवारी येतो म्हणालाय. समोरच्या ताईंचं सांगितलं.

"सही केली तिनं?"

"पेन्सिल नेलीय."

"परत देईल?"

"काय माहीत."

"बरं," काकू म्हणाल्या. "माझी शेवटची रेघ आठवते ना? तिच्यापेक्षा किती पुढे आहे?"

"चार बोटं."

"तुमची की माझी?"

आप्पांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "माझी."

"मग पाच धरा." आणि त्या खोकल्या. एकदाच. पूर्वी हा खोकला सुरू झाला की आप्पा शंभरपर्यंत आकडे मोजत. आज 'एक' म्हटलं आणि पुढे मोजायला काही उरलंच नाही. पलीकडे भावाच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. काकूंचा श्वास मोकळा होता.

"बरी आहेस ना तिथे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," काकू म्हणाल्या. "हेच तर वाईट आहे."

फोन ठेवून आप्पा भिंतीसमोर स्टुलावर बसले. रेघेच्या बाहेर, तारखेच्या आकड्यावर, एक थेंब हळूहळू फुगत होता. तो ओघळेपर्यंत ते पाहत राहिले. मग पुसायला फडकं घ्यावं म्हणून उठले, आणि पुसलं नाही.